तुरुंगाधिकारी (मालिकांतील पात्र)

तुरुंगात घडणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांतील सत्ताधारी पात्र. प्रेक्षक त्याला सरसकट जेलर म्हणतो. महाराष्ट्राच्या कारागृह विभागात शिपाई, हवालदार, सुभेदार, तुरुंगाधिकारी, उपअधीक्षक, अधीक्षक अशी उतरंड आहे; पडद्यावर मात्र ही सगळी माणसे एकाच खाकी गणवेशात कोंबली जातात. तोच कुलूप उघडतो, तोच काठी आपटतो आणि सुटकेचा कागदही तोच हातात देतो. दोन-चार भागांपुरता तुरुंग दाखवायचा असेल तर एवढ्यावर भागते. पण ज्या मालिका लोकांच्या लक्षात राहिल्या त्यांनी ही उतरंड मोडली नाही. तुरुंगातली खरी ओढाताण कैदी आणि जेलर यांच्यात असते तेवढीच वरचा साहेब आणि कमरेला चाव्या बांधून फिरणारा शिपाई यांच्यातही असते.

या पात्राला लागणारे नाट्य कायद्यानेच पुरवले आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने जेलरला तुरुंगातच राहायला लावले. अधीक्षकाने लेखी मुभा दिली तरच बिऱ्हाड बाहेर. लेखी परवानगीवाचून एक रात्रसुद्धा बाहेर काढायची नाही, नाइलाज झालाच तर कारणासकट लगेच कळवायचे. कैद्याला काही विकायचे नाही, त्याच्याशी पैशाचा कसलाही व्यवहार करायचा नाही, परस्पर दुसरी नोकरी धरायची नाही. कैद्याच्या शिक्षेला निदान सुटकेची तारीख असते. पटकथाकाराला याहून जास्त काय हवे, असे वाटते. तरी बहुतेकजण या पात्राला मिशी आणि दरडावणी देऊन मोकळे होतात.

परदेशी मालिकांत या पात्राचे साचे लवकर पक्के झाले. बीबीसीच्या ‘पॉरिज’ (१९७४–७७) या विनोदी मालिकेत करडा मॅके आणि मऊ बॅरोक्लफ ही पहारेकऱ्यांची जोडी होती. नियम दोघांनाही तेच, पण मुरलेला कैदी फ्लेचर दोघांना दोन वेगळ्या तऱ्हांनी गुंडाळतो. ऑस्ट्रेलियाच्या ‘प्रिझनर’ (१९७९–८६) या ६९२ भागांच्या मालिकेने स्त्रियांचा तुरुंग आणि स्त्री अधिकारी मध्यभागी आणले. तिथली काळे हातमोजे चढवून झडती घेणारी जोन फर्ग्युसन ही खलनायिका आजही विसरली गेलेली नाही. अमेरिकेच्या ‘ऑझ’मध्ये (१९९७–२००३) वॉर्डन म्हणजे तुरुंगाचा प्रमुख लिओ ग्लिन आणि सुधारणेचा ध्यास घेतलेला मॅकमॅनस यांची सतत खटकते, आणि त्या खटक्यातूनच कथानक पुढे सरकते. भारतात ‘ब्लॅक वॉरंट’ने (२०२५) तिहारमध्ये नव्याने लागलेल्या, किरकोळ अंगाच्या, मवाळ जेलरला नायक केले. वरिष्ठांचा धाक, सहकाऱ्यांची टवाळी आणि फाशीची अंमलबजावणी त्याच्या वाट्याला येते. हिंदी पडद्यावरचा जेलर एक तर क्रूर नाही तर हास्यास्पद, ही सवय त्यामुळे थोडी मोडली.

सुधारक जेलरचे मूळ शोधायचे तर सांगली जिल्ह्यात आटपाडीला यावे लागते. हा भाग तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश अभियंते यांच्या पुढाकाराने १९३९ साली इथल्या माळावर स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी इथे तटबंदीशिवाय राहून शेती करू लागले. त्याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) निघाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे. माणदेशाचा माळ त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जेलर आदिनाथची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. दोन डोळे त्याचे, बारा हात सहा खुन्यांचे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

आदिनाथ थोर आहे यात शंका नाही, पण त्याच्या थोरपणाने पुढच्या लेखकांची पंचाईत केली. सगळी सुधारणा एका पुण्यवान माणसाच्या नजरेतून होते असे एकदा दाखवले की त्या माणसाचा शेवट हौतात्म्यातच करावा लागतो, आणि तसाच तो झालाही. स्वतंत्रपूरची खरी किमया याहून साधी आहे. तिथे कैद्याला बायकामुलांसह राहता येते आणि कसायला जमीन मिळते. पळून जायचे तर पोरांना आणि उभ्या पिकाला मागे टाकून जावे लागेल. अशा ठिकाणी अधिकाऱ्याचे काम नजरेच्या धाकाचे राहत नाही; हजेरी, बी-बियाणे, पाणी आणि घराघरांतली भांडणे हेच त्याच्या पदरी पडते. चित्रपटाच्या अडीच तासांत हे बसत नाही. लांब चालणाऱ्या मालिकेत बसू शकते.

याच पट्ट्यात जेलरची दुसरी, उलटी प्रतिमाही घडली. ज्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तिथेच १०० वर्षांनी, २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी तुरुंग फोडला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले. दादांनाही गोळी लागली. पुढच्याच वर्षी नागनाथअण्णा नायकवडी साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले. सातारा-सांगलीत या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात, आणि त्यांत पहारेकऱ्याला चेहरा नसतो. ते रास्तच आहे, लढा परक्या राजवटीशी होता. पण त्यामुळे तुरुंग म्हणजे फोडायची जागा आणि पहारेकरी म्हणजे चुकवायचा अडथळा, हे समीकरण आपल्या कथाकथनात घट्ट बसले.

मराठी कौटुंबिक मालिकांत जेलर पाहुण्यासारखा येतो. खोट्या आरोपाखाली नायिका आत जाते, सासू भेटीला येते, जेलर वेळ संपल्याचे सांगतो. खऱ्या तुरुंगातला सर्वांत ताणाचा प्रसंग यात कधी दिसत नाही, तो म्हणजे संध्याकाळची गिनती. बराक बंद करण्याआधी कैद्यांना जोडीजोडीने बसवतात. शिपाई जोड्या मोजत जातो आणि आकडा वहीत चढवतो. सगळ्या बराकींची बेरीज, अधिक दवाखान्यातले, अधिक कोर्टातून अजून न परतलेले, असे करत एकूण आकडा जुळला पाहिजे. एक जरी कमी भरला तरी मोजणी पहिल्यापासून. तोवर पाळी संपलेल्या शिपायालाही घर नाही. अशा वेळी कोण कोणावर खेकसतो ते पाहिले की उतरंड आपोआप कळते.

सातारा-वाई भागात मालिकांचे चित्रीकरण बरेच होते. वाडे, घाट, उसाचे फड तयार मिळतात, पण तुरुंग सहसा सेटवरच उभारावा लागतो. त्यामुळे एका खोलीत एकटी कैदी आणि समोर गजांची चौकट असे दृश्य येते. प्रत्यक्षात बहुतेकांचे दिवस गर्दीच्या बराकीत जातात. पुरुष जेलर स्त्रियांच्या बराकीत एकटाच शिरतो, हेही चूक. कैद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनुसार सोबत स्त्री कर्मचारी असल्याशिवाय त्याला तिथे जाता येत नाही. कपड्यांचा घोळ तर नेहमीचाच. खटला चालू असलेल्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात, तरी अटकेच्या दुसऱ्याच भागात नायिका नंबर लावलेल्या तुरुंगाच्या साडीत दिसते. एखादा निवृत्त सुभेदार दिवसभर सेटवर बसवला तरी यातल्या निम्म्या चुका टळतील.