डब्यातला आंबट वास

जुन्या दूरचित्रवाणी केंद्राच्या अडगळीत फिल्मचे डबे सापडले, की बातमीत 'ज्वालाग्राही' हा शब्द हमखास येतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. भडकणारी ती ३५ मिमी सिनेमाची जुनी नायट्रेट फिल्म. स्थानिक केंद्रांचे वार्ताहर १६ मिमीचे कॅमेरे घेऊन फिरत, आणि कोडॅकने १९२३ साली १६ मिमी आणली तीच मुळी ॲसिटेटच्या 'सेफ्टी' पट्टीवर. ती भडकत नाही. ती आंबते.

डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. रिळाच्या कडा लाटांसारख्या वळलेल्या, वर पांढरट पूड. बुरशी समजून ती पुसायला जावं, तर बऱ्याचदा ती फिल्म लवचिक राहावी म्हणून घातलेल्या रसायनाची निघते. पट्टी आकसली की ते पिळून बाहेर येतं.

होतं असं. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. प्रत्येक कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट, आणि त्यांना ॲसिटिल गट चिकटवले की फिल्मचं प्लास्टिक तयार. हवेतल्या दमटपणातलं पाणी हा जोड तोडतं. सुटलेल्या ॲसिटिलचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजेच व्हिनेगरमधलं आम्ल. इथवर कारभार संथ. पण जोडातल्या ऑक्सिजनवर एखादा हायड्रोजन आयन बसला, तर शेजारचा कार्बन इलेक्ट्रॉनला आसुसतो आणि पाण्याचं काम सोपं होतं. जोड तुटल्यावर तो आयन पुन्हा मोकळा, पुढच्या जोडावर जायला तयार. आणि हे आयन पुरवतं कोण? तेच आम्ल! चक्रवाढ व्याजच हे. २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या फिल्मला या वळणावर यायला साधारण ४० वर्षं लागतात. पुढची घसरण झपाट्याची. १९४८ साली आलेल्या ट्रायॲसिटेटबद्दलची, म्हणजे ॲसिटेटच्याच नव्या प्रकाराबद्दलची, पहिली तक्रार दशकभरातच कोडॅककडे गेली, ती भारत सरकारकडून. उष्ण, दमट साठवण हेच कारण.

म्हणून 'डबा घट्ट बंद करून ठेवा' हा घरगुती सल्ला उलटा पडतो. वाफ आतच कोंडते आणि फिल्म स्वतःच्याच आम्लात मुरते. खरा उपाय थंडी आणि कोरडेपणा. बिघाड उलटत नाही, फक्त मंदावतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने जुनं फुटेज 'पुन्हा जिवंत' केल्याच्या जाहिराती पाहून मला हसू येतं. जे फिल्मवर उरलंच नाही, ते संगणक अंदाजाने रंगवतो.

बातम्यांच्या फिल्मचं दुखणं आणखी एक. ती बहुधा रिव्हर्सल असे: कॅमेऱ्यात फिरलेली पट्टीच धुऊन, कापून, चिकटवून प्रसारणाला जाई. निगेटिव्ह नाहीच, दुसरी प्रत कुठून येणार? त्यात काठावर आवाजाची चुंबकीय पट्टी असेल, तर तिच्यातलं आयर्न ऑक्साइडही बिघाडाला हातभार लावतं. फिल्म एक टक्का आकसली, तर काठावरच्या शंभर छिद्रांमागे एका छिद्राएवढा फरक पडतो. प्रोजेक्टरचे दाते मात्र जुन्याच मापाचे. ते छिद्रं फाडत जातात. म्हणून अशी फिल्म दाते नसलेल्या स्कॅनरवर, नुसत्या रोलरवरून नेतात.

कुठलं रीळ आधी घ्यायचं, हे कागदाची एक निळी पट्टी सांगते. ती डब्यात ठेवायची. आम्ल जसं जास्त तशी ती हिरवी, मग पिवळी होते. पिवळं निघेल ते रीळ रांगेत पुढे.