गोष्ट सांगायची की वाचून दाखवायची?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची एखादी शाळा किंवा वाचनालय ‘मुलांना गोष्ट सांगायला या’ असं निमंत्रण देतं, तेव्हा त्यात दोन निराळी कामं एकाच नावाखाली आलेली असतात. एका कामात पुस्तक हातात असतं आणि लेखकाची वाक्यं आहेत तशी ऐकवायची असतात. दुसऱ्यात हात मोकळे, गोष्ट डोक्यात, आणि वाक्यं समोरच्या चेहऱ्यांकडे बघत त्या क्षणी जुळवायची. पहिलं म्हणजे वाचून दाखवणं. मोठ्यांच्या कार्यक्रमांत त्यालाच अभिवाचन म्हणतात. दुसरं म्हणजे सांगणं. दोन्हींत बसलेला माणूस आणि ऐकणारी पोरं सारखीच दिसतात, म्हणून घोटाळा होतो. गावातले बरेचसे कार्यक्रम पडतात ते वाचायची गोष्ट सांगायला घेतल्यामुळे किंवा सांगायची गोष्ट पुस्तकातून वाचल्यामुळे.

फरक घरातच दिसतो. श्रावणात व्रताची कहाणी पुस्तिकेतून वाचतात. ‘आटपाट नगर होतं’पासून ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’पर्यंत शब्द इकडचा तिकडे होत नाही, झाला तर ऐकणाऱ्या बाया लगेच टोकतात. त्याच घरात उन्हाळ्यात रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, अंथरुणं पडली की आजी जी गोष्ट सांगते, तिच्यातला कालचा कोल्हा आज लांडगा झालेला असतो आणि त्यावर कुणाचं काही म्हणणं नसतं. पहिलीत शब्द पक्के, दुसरीत फक्त क्रम पक्का.

यात ‘कथाकथन’ हा शब्द आणखी गुंता करतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी आपल्या छापील कथा गावोगावच्या व्यासपीठांवर सांगितल्या, आणि मराठी माणसाच्या मनात कथाकथन म्हणजे तेच, असं बसलं. त्या कथा त्यांच्या स्वतःच्या होत्या. शब्द बदलला तरी बदलणारा लेखकच होता. नवा स्वयंसेवक त्यांच्याकडे बघून दुसऱ्याची कथा शब्दशः पाठ करून उभा राहतो, तेव्हा त्याच्याकडे पुस्तकाचा आधार नसतो आणि सांगणाऱ्याची मोकळीकही नसते. एक वाक्य विसरलं की पुढचं आठवत नाही, नजर छताला लागते आणि पोरं चुळबुळायला लागतात. नवख्याने पाठांतराचा मार्ग सोडून द्यावा.

सांगण्याची तयारी

तयारी वाक्यांची करायची नाही, टप्प्यांची करायची. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ सगळ्यांना माहीत आहे, तीच घेऊ. म्हातारी लेकीकडे निघते. रानात कोल्हा अडवतो आणि ‘लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा’ असा वायदा होतो. पुढे वाघ, त्याच्याशी तोच वायदा. लेकीकडचं खाणंपिणं. परतायची भीती आणि लेकीने दिलेला भोपळा. वाघाला चकवा. कोल्हा मात्र ओळखतो. मग शेवट, जो घराघरात वेगळा असतो. झाले आठ टप्पे. प्रत्येक टप्पा चार शब्दांत, एका वहीच्या पानावर. चित्र काढता येत असेल तर आणखी चांगलं. कागद समोर ठेवून एकदा मोठ्याने सांगायची, मग कागद उलटा करून दोनदा, मग घरातल्या एखाद्या पोराला. चौथ्या वेळेपर्यंत गोष्ट सहसा अंगात मुरते.

पाठ करायच्या गोष्टी तीनच: पहिलं वाक्य, पालुपद आणि शेवटचं वाक्य. पहिलं वाक्य पाठ नसेल तर ‘तर मी आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे, ती तशी जुनी आहे’ असली घसरण सुरू होते. पालुपद दर वेळी त्याच शब्दांत आणि त्याच चालीत यायला हवं, कारण तिसऱ्या वेळी मुलं ते स्वतः म्हणणार असतात. शेवटचं वाक्य पाठ नसेल तर गोष्ट संपून गेल्यावरही सांगणारा बोलत राहतो आणि हमखास तात्पर्यावर जाऊन आदळतो.

टप्प्यांचा क्रम लावताना पुढचा विचार आधी करावा लागतो. म्हातारी आली त्याच वाटेने परतते. म्हणून जाताना जो पहिला भेटला, तो येताना शेवटी भेटणार. भोपळ्यातली म्हातारी ओळखणारा हुशार प्राणी कोल्हा असेल तर जाताना तो पहिलाच भेटला पाहिजे. हे उलटं झालं की कोल्हा आधीच भोपळा फोडतो आणि वाघ रानात ताटकळत राहतो. सात वर्षांचं पोरगं ही चूक बरोबर पकडतं. तसंच वायद्याचं. जाताना वायदा घाईत उरकला तर येताना भोपळ्याची गंमत कुणालाच कळत नाही.

मध्येच काही राहून गेल्याचं लक्षात आलं, तर ‘अरे हो, एक सांगायचं राहिलं’ असं कधी म्हणू नये. ते वाक्य ऐकणाऱ्याला गोष्टीतून उठवून मांडवात आणून बसवतं. राहिलेली गोष्ट जिथे लागेल तिथेच, आधीपासून ठरली असल्यासारखी घालायची: ‘आता लेकीने माळ्यावर एक भोपळा वाळत ठेवलेला होता...’

आवाज काढण्याचा सोस आवरावा. दोन आवाज पुरतात, सांगणाऱ्याचा स्वतःचा आणि फार तर एका पात्राचा. चार प्राण्यांचे चार आवाज सुरू केले की सहाव्या मिनिटाला वाघ कोल्ह्याच्या आवाजात बोलतो. आणि ‘मग सांगा बरं, पुढे काय झालं असेल?’ हा प्रश्न अख्ख्या गोष्टीत एकदा चालतो. वारंवार विचारला तर पन्नास पोरं पन्नास उत्तरं ओरडतात आणि गोष्ट हातातून जाते. त्यापेक्षा हुंकार देणारा एक जण पुढे बसवावा. जुन्या सांगणाऱ्यांना हुंकाराशिवाय सांगताच यायचं नाही, ते उगाच नव्हे: ‘हूं’ मंदावला की टप्पा आवरता घ्यायचा, ‘मंग काय व्हयनं?’ आलं की पसरायचा.

वाचून दाखवणं

इथे कष्ट वेगळ्या जागी आहेत. पुस्तक आयत्या वेळी उघडून वाचता येतं असं वाटतं, आणि याच समजुतीने ते सर्वांत जास्त बिघडतं. आधी एकदा घड्याळ लावून, मोठ्याने, पूर्ण वाचावं. मुलांसमोर सावकाश वाचताना मिनिटाला साधारण १०० शब्द होतात. म्हणजे हजार शब्दांची गोष्ट दहा मिनिटं, चित्रं दाखवली तर पंधरा. पहिली-दुसरीला तेवढं पुरे. त्याहून लांब मजकूर असेल तर कुठले परिच्छेद गाळायचे ते घरीच ठरवून पेन्सिलीने कंस करावेत. वाचता वाचता गाळायला गेलं की हमखास तोच परिच्छेद गळतो ज्यात पुढे येणाऱ्या पात्राची ओळख असते.

पेन्सिलीने श्वासाच्या जागीही बारीक तिरकी रेघ मारावी. मराठी छापील वाक्यं लांब असतात आणि क्रियापद शेवटी येतं. श्वास मध्येच तुटला तर कुणी काय केलं हे कळेपर्यंत कर्ता विसरला जातो. संवादात ‘तो म्हणाला’ नंतर येत असेल, तर कोण बोलतंय ते वाचणाऱ्याला आधी कळलेलं असलं पाहिजे. त्यासाठी समासात पात्राचं पहिलं अक्षर लिहून ठेवावं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर या सगळ्या खुणा झेरॉक्सवर कराव्यात, ग्रंथपालाचा रोष ओढवू नये.

वाक्याचे शेवटचे तीन-चार शब्द नजरेने आधीच उचलायचे आणि ते बोलताना डोकं वर करायचं. एवढ्या एका सवयीने वाचणं आणि ऐकणाऱ्याकडे बघणं दोन्ही साधतं. जागा हरवू नये म्हणून डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या कडेला ठेवावा. चित्रांचं पुस्तक असेल तर ते खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे करून धरायचं आणि स्वतः तिरकं बघून वाचायचं. आधी सगळं वाचून नंतर पुस्तक फिरवून चित्र दाखवलं की मागची मुलं उठतात, पुढची ‘दिसत नाही’ म्हणतात आणि दोन मिनिटं जातात. ती दर पानाला जातात.

लेखकाचा शब्द बदलायचा नाही. कठीण शब्द आला तर वाचून पुढे जायचं. अर्थ बहुतेकदा पुढच्या वाक्यात उलगडतो. प्रत्येक शब्दाला थांबून अर्थ सांगणारा वाचक तास घेत असतो, गोष्ट नाही. सुरुवातीला पुस्तकाचं, लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव मात्र आवर्जून सांगावं, कारण वाचून दाखवण्याची मोठी कमाई तिथेच आहे: गोष्ट कुठून आली हे मुलाला कळतं, आणि उद्या ते तेच पुस्तक मागायला येतं. म्हणून पुस्तक कार्यक्रमानंतर लगेच पिशवीत न टाकता पंधरा मिनिटं सतरंजीवर राहू द्यावं. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं स्वस्त पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत उतरवून घेता येतात आणि वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या असतात. पहिली-दुसरीसमोर पहिल्या दोन पातळ्या ठीक.

किती मुलं, कुठे, केव्हा

चित्रं दाखवून वाचायचं असेल तर बारा-पंधरा मुलांच्या वर जाऊ नये, चौथ्या ओळीपर्यंत चित्र पोचत नाही. सांगायला चाळीस-पन्नास चालतात. वाचणाऱ्याला उजेड मागून, खांद्यावरून पुस्तकावर पडणारा लागतो. सांगणाऱ्याला तो समोरून, चेहऱ्यावर लागतो. त्याच्या मागे उघडी खिडकी असेल तर तोंड काळं दिसतं आणि सगळा हावभाव वाया जातो. रात्री वीज गेली तर वाचणं थांबतं, सांगणं उलट रंगतं. पत्र्याच्या सभामंडपात पाऊस सुरू झाला तर दोन्ही बंद करून पोरांना चहा-बिस्किटं द्यावीत.

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा सुट्टीतला कार्यक्रम सकाळी साडेसातला किंवा दिवस मावळल्यावर. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी मुलं शेतात असतात, त्यामुळे येणारी मुलं लहान आणि गोष्टी छोट्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं गावात नसतात. आठवड्याआठवड्याला पुढे जाणारं लांब पुस्तक वाचायला घ्यायचं असेल तर ते पावसाळ्यात घ्यावं, नाहीतर अर्धे ऐकणारे मध्येच गळतात.

भाषेचा प्रश्न

खरी निवड बहुतेक वेळा इथेच होते. पुस्तकं प्रमाण मराठीत असतात. साक्री, शिरपूर, अमळनेरच्या खेड्यातलं पहिलीचं मूल घरी अहिराणी बोलतं. यावल-रावेरकडे लेवा गणबोली, नवापूरला मावची, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात भिली, पावरी. पहिलीच्या वर्गाला सुरुवातीचे काही महिने सांगणंच द्यावं आणि त्यांच्या बोलीत द्यावं. ‘डोकरी, डोकरी, कथा चालनी?’ (म्हातारे, म्हातारे, कुठे चाललीस?) असा वाघ बोलला की वर्ग जागा होतो. प्रमाण मराठीतलं पुस्तक त्यानंतर आलं तरी चालतं. तीच गोष्ट एका आठवड्यात बोलीत सांगायची आणि पुढच्या आठवड्यात पुस्तकातून वाचायची, हा क्रम फार उपयोगी पडतो. क्रम उलटा केला तर पहिला आठवडा वाया जातो.

टाळायचं ते एकच: पुस्तक समोर धरून ओळीगणिक बोलीत उलथापालथ करत वाचणं. त्यात वाचणारा अडखळतो, क्रियापदं अर्धी मराठी अर्धी अहिराणी होतात, आणि पुस्तकातले शब्दही मुलांच्या कानावर पडत नाहीत. बोली येत नसेल तर गावातली एखादी माय किंवा आबा शेजारी बसवावे. वाक्यागणिक दुभाषेपणा नको, एक प्रसंग तुम्ही सांगा, तोच ते त्यांच्या पद्धतीने सांगतील. पालुपद मात्र पहिल्यापासून त्यांच्याच बोलीतलं. बोलीची नक्कल करून हशा पिकवण्याचा मोह होतो, तो तालुक्याच्या गावाहून आलेल्यांना जास्त. मुलं हसतात खरी, पण पुढच्या वेळी तोंड उघडत नाहीत.

हक्कांबद्दल थोडं

लोककथा कुणाच्या मालकीची नाही, पण एखाद्या लेखकाने तिचं केलेलं लेखन त्याचं असतं. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला मुभा आहे. पण वाचनाचं रेकॉर्डिंग करून यूट्यूबवर किंवा गावाच्या ग्रुपवर टाकणं हे वेगळं काम झालं, त्याला प्रकाशकाची परवानगी घ्यावी. आजीकडून ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगितली तर ही अडचण येत नाही, तरी ती कुणाकडून ऐकली ते सांगायला विसरू नये. आणि मुलांचे चेहरे दिसणार असतील तर आईवडिलांना आधी विचारावं.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी फोनवर टिपून ठेवायच्या असतील तर फोन विमान मोडवर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवावा आणि कूलर बंद करावा. कूलरची घरघर नंतर कशानेही निघत नाही. समोर एखादं नातवंड बसवावं, फोनकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. उतरवून काढलेली गोष्ट मग आहे तशी वाचून दाखवायला जाऊ नये. सांगताना दर वाक्याला आलेलं ‘मंग’, हाताच्या इशाऱ्याने दाखवलेलं अंतर, ‘असा गया, असा उना’ हे ऐकताना गोड लागतं आणि कागदावरून वाचताना रखडतं. दर तीन ‘मंग’मागे एक ठेवावा, इशाऱ्याच्या जागी शब्द घालावा, पालुपदाला हात लावू नये, आणि झालेला मजकूर सांगणाऱ्या माणसालाच एकदा वाचून दाखवावा. चुकलेला टप्पा तिथल्या तिथे दुरुस्त होतो.