काळीज आणि अंतःकरण: येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्तीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात शुक्रवार अंबाबाईचा. याच शहरातल्या मोजक्या कॅथलिक घरांत महिन्याचा पहिला शुक्रवार मात्र वेगळ्या कारणाने पाळतात. तो दिवस येशूच्या पवित्र हृदयाचा असतो. इथला मराठी ख्रिस्ती समाज बहुतांशी प्रोटेस्टंट आहे. रॉयल वाइल्डर यांनी 1852 साली सुरू केलेल्या अमेरिकन मिशनच्या कामातून तो वाढला. त्यामुळे छातीवर जळतं हृदय दाखवणारी येशूची तसबीर शेजारच्या ख्रिस्ती घरालाही अनोळखी वाटू शकते. त्या तसबिरीतल्या प्रत्येक खुणेला इतिहास आहे.

या भक्तीचं मूळ योहानाच्या शुभवर्तमानात, 19व्या अध्यायाच्या 34व्या ओवीत आहे. शिपाई क्रुसावरच्या येशूच्या कुशीत भाला खुपसतो आणि लगेच रक्त व पाणी बाहेर येतं. प्राचीन धर्मपंडितांनी पाण्यात बाप्तिस्मा पाहिला, रक्तात ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) वेदीजवळ घ्यायची पवित्र भाकर. मध्ययुगात जखमेवरचं ध्यान आत, हृदयापर्यंत गेलं. जर्मनीतल्या हेल्फ्टा मठातल्या संत गर्ट्रूड (1256–1302) हे नाव त्यात ठळक आहे. तरीही कित्येक शतकं ही भक्ती मठांच्या भिंतींआडच राहिली.

ती बाहेर आली 17व्या शतकातल्या फ्रान्समध्ये, आणि त्यामागे भीती होती. जान्सेनवादी (बिशप जान्सेन यांच्या विचारांच्या) मंडळींची शिकवण कडक: माणूस इतका पापी की त्याने ख्रिस्तशरीर घ्यायला सहसा पुढे येऊच नये. भाविक वेदीपासून लांब राहू लागले. संत जॉन यूद यांनी पवित्र हृदयाची स्वतंत्र मिस्सा रचली आणि 1670 साली तो सण साजरा केला. पुढे पारे-ल-मोनियाल गावच्या मठात सिस्टर मार्गारेट मेरी आलाकोक यांना 27 डिसेंबर 1673 रोजी, संत योहानाच्या सणादिवशी, येशूचं पहिलं मोठं दर्शन झालं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूच्या छातीशी टेकलेला शिष्य तो हाच, असं परंपरा मानते. मार्गारेट मेरींचं म्हणणं खरं मानून त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते येशूसंघीय (जेझुइट) फादर क्लॉद ला कोलोंबिएर.

दर्शनांतून ज्या गोष्टी मागितल्या गेल्या, त्या त्या भीतीवरच नेमका उतारा आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेणं आज साधं वाटतं, पण वर्षातून एकदाच वेदीकडे जाणाऱ्यांच्या काळात ते धाडसाचं होतं. गुरुवारी रात्री 11 ते 12 हा ‘पवित्र तास’ अटकेआधी गेथशेमानी बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूच्या सोबतीसाठी. आणि एक वार्षिक सण.

सणाच्या तारखेत पुष्कळांचा गोंधळ होतो. ख्रिस्तशरीराचा सण मुळात गुरुवारचा. त्यानंतर आठव्या दिवशी येणारा शुक्रवार हा पवित्र हृदयाचा. आपल्याकडे ख्रिस्तशरीराचा सण बहुधा पुढच्या रविवारी करतात, आणि तिथून पुन्हा आठ दिवस मोजले की आठवडा चुकतो. त्या रविवारनंतर लगेच येणारा शुक्रवार धरावा. ईस्टरच्या तारखेत 68 दिवस मिळवले तरी चालतं: 2026 मध्ये ईस्टर 5 एप्रिलला, म्हणून सण 12 जूनला. तो 29 मेच्या आधी किंवा 2 जुलैच्या नंतर कधीच येत नाही. कोल्हापुरात हे दिवस पावसाच्या तोंडावरचे किंवा ऐन पावसातले, त्यामुळे बाहेरच्या मिरवणुकीचा बेत आखताना आतली जागाही ठरवून ठेवावी.

रोमने (पोपच्या दरबाराने) मात्र घाई केली नाही, आधी नकारच दिला, आणि तो नकार समजून घेण्यासारखा आहे. 1729 साली सणाची मागणी फेटाळली गेली. विरोधी बाजू मांडणारे प्रॉस्पेरो लाम्बर्टिनी पुढे पोप बेनेडिक्ट 14वे झाले. त्यांची हरकत अशी: प्रेम शरीरातल्या हृदयातच उपजतं की नाही, हा तत्त्वज्ञांचा वाद आहे, आणि अशा वादावर सण उभा करता येत नाही. मराठी माणसाला हा पेच पटकन कळेल. ‘काळीज तुटलं’ म्हणताना आपण अवयवाबद्दल बोलत नसतो, बोलतो ते अंतःकरणाबद्दल. उत्तरही त्याच वाटेने मिळालं: हृदय हे प्रेमाचं प्रतीक, आणि भक्ती येशू या व्यक्तीची. 1765 साली क्लेमेंट 13वे यांनी पोलंडच्या बिशपांना परवानगी दिली, 1856 साली पायस 9वे यांनी सण साऱ्या चर्चचा केला आणि 1899 साली लिओ 13वे यांनी अख्खी मानवजात या हृदयाला समर्पित केली. त्याच वर्षी मान्य झालेल्या लितानीत (एकामागून एक म्हणायच्या विनवण्यांच्या प्रार्थनेत) 33 विनवण्या आहेत, येशूच्या वयाइतक्या.

आता तसबीर. पहिलं चित्र 1685 साली मार्गारेट मेरींच्या हाताखालच्या नवशिक्या सिस्टरांनी शाईने काढलं, त्यात नुसतं हृदय होतं. 1767 साली पोम्पेओ बातोनी यांनी तांब्याच्या पत्र्यावर तैलरंगात येशूच्या हातात हृदय दाखवलं, आणि घराघरांतल्या तसबिरी त्याच वळणाच्या झाल्या. हृदयाभोवती काट्यांचं वेटोळं, बाजूला भाल्याची जखम, वर ज्वाळा आणि ज्वाळांत क्रूस. विकत घेताना नीट पाहावं: हृदयाभोवती गुलाब किंवा आरपार तलवार असेल तर ते मरियामातेचं निष्कलंक हृदय, त्याचा स्मरणदिन दुसऱ्या दिवशी, शनिवारी. तसबिरीमागे छापलेली ‘बारा वचनं’ (येशूने भक्तांना दिलेली आश्वासनं) याच रूपात मार्गारेट मेरींनी लिहिलेली नाहीत. त्यांच्या पत्रांतून वेचून केलेली ती यादी आहे, आणि 1882 पासून एका अमेरिकन व्यापाऱ्याने ती जगभर वाटली.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेण्याचं नऊ शुक्रवारांचं व्रत सलग नऊ महिन्यांचं. मधला एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी रविवारी ख्रिस्तशरीर घेऊन भागत नाही. मनावर मोठं पाप असेल तर आधी कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली. ख्रिस्तशरीर घेण्याआधी तासभर पाणी आणि औषधाखेरीज काही घ्यायचं नाही. पहिला शुक्रवार गुड फ्रायडेलाच आला, जसा 3 एप्रिल 2026, तर काही जण व्रत तुटलं असं समजून सोडून देतात. त्या दिवशी मिस्सा नसते हे खरं, पण दुःखसहनाच्या उपासनेत ख्रिस्तशरीर देतात, तेव्हा साखळी शाबूत राहते.

घरात तसबीर बसवण्याची रीत फादर मातेओ क्रॉली-बोवी यांनी 1907 पासून रुजवली. जागा बैठकीच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. फादर तसबीर आशीर्वादित करतात, मग घरातली सगळी माणसं एकत्र समर्पणाची प्रार्थना म्हणतात आणि दर वर्षी सणाला ती पुन्हा म्हणतात. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळावी. दुसरी सोय नसेल तर चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून वारा खेळता ठेवावा, नाहीतर काचेच्या आत कागदाला बुरशी धरते.