कुत्र्याच्या तोंडातून सुटलेली कोंबडी

डिसेंबरातली सकाळ होती. नागपुरात मानेवाड्याला आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या काकूंकडे सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा. रात्री खुराड्याची जाळी खालून उचकटून कुत्रा आत शिरला. आम्ही धावलो तेव्हा अंगणभर पिसं पसरली होती. दोन कोंबड्या गेल्या होत्या. तिसरी भिंतीशी आडवी पडलेली, मान वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले. "राहू द्या जी, मेली ते," काकू म्हणाल्या. मी हात लावून पाहिलं, तर छातीचं हाड अगदी हळू वर-खाली होत होतं.

अशा निपचित पडलेल्या कोंबड्या पुष्कळदा जिवंतपणी पुरल्या जातात. अतिभीतीने पक्ष्याचं शरीर जागच्या जागी थिजतं. स्नायू हलत नाहीत, हाकेला प्रतिसाद नाही, पण मेंदू जागा असतो. अथानासियस किर्शर या जर्मन पाद्र्याने १६४६ मध्येच लिहून ठेवलं आहे, की कोंबडीला जमिनीवर दाबून धरलं आणि चोचीपुढे खडूची रेघ ओढली, तर हात काढल्यावरही ती तशीच पडून राहते. रेघेचा त्यात काही वाटा नाही, दाबून धरण्याची भीतीच पुरते. शिकार हलेनाशी झाली की शिकाऱ्याची पकड ढिली पडते आणि पळायला एक संधी मिळते. म्हणून ही सवय टिकून राहिली असावी. ही अवस्था काही सेकंदांची असते, कधी कित्येक मिनिटांची. तेव्हा घाई करू नका, आधी श्वास बघा.

श्वास बघायचा म्हणजे छाती दाबायची नाही. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच तिच्या शरीरात हवा जाते. घाबरलेल्या कोंबडीला आपण मायेने छातीशी घट्ट धरतो, तेव्हा तिचा श्वासच अडतो. तळहात खालून लावा, पंख दुसऱ्या हाताने हलके आवळा, छाती मोकळी सोडा.

मग अंधार. कोंबडीची नजर दिवसाची. चार प्रकारच्या रंगपेशींमुळे तिला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात, पण अंधारात ती जवळजवळ आंधळीच. दिसत नाही तेव्हा ती शांत होते. काकूंचं जुनं डालं होतं, ते पालथं घातलं, वर धोतराचं फडकं टाकलं. तासभर कोणी बघायला जायचं नाही, असं मुलांना बजावलं. मला विचाराल तर पहिल्या तासातलं सगळ्यात मोठं औषध हेच. शरीरात उसळलेलं भीतीचं संप्रेरक ओसरायला शांतता लागते. आपण मात्र दर पाच मिनिटांनी टोपली उचलून बघतो.

अंधारासोबत ऊब हवी. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. धक्का बसलेली, पिसं उपटली गेलेली कोंबडी ते टिकवू शकत नाही, आणि नागपूरच्या डिसेंबरातली पहाट १० अंशांखालीही उतरते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डाल्याच्या एकाच बाजूला ठेवली, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. हाच प्रसंग मे महिन्यात आला तर सगळं उलट करायचं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून अंग थंड करते. ४५ अंशांत जखमी पक्ष्याला पत्र्याखाली ठेवणं म्हणजे दुसरा हल्लाच. घरातल्या थंड खोलीत ठेवा, पण कूलरचा झोत थेट अंगावर नको.

रक्त वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही. स्वच्छ फडकं जखमेवर काही मिनिटं दाबून धरायचं. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं ते साधारण १०० मिलिलिटर, चहाच्या एका कपाएवढं.

बाकीची जखम ती सावरल्यावर धुवायची. कुत्र्याचा सुळा वरून टाचणीएवढं भोक पाडतो आणि आतलं मांस चिरडतो. कोंबडीची कातडी पातळ, तिच्यावर पिसांचा थर, त्यामुळे अर्ध्या जखमा दिसतच नाहीत. पिसं फुंकर घालून दूर करत पंखाखाली, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी बघावं लागतं. जखमेभोवतीची पिसं उपटू नयेत, कातडी फाटते. कात्रीने छाटावीत. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, एवढं मीठ घातलं की ते शरीरातल्या द्रवाइतकंच खारट होतं आणि झोंबत नाही. सुई काढलेल्या सिरिंजने भरपूर पाणी मारून धुवायचं. नंतर पोव्हिडोन आयोडीन, फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून.

काकूंनी हळद आणली. हळदीचा जखमेवरचा उपयोग आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याच्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे करून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. तरीही सुळ्याच्या खोल भोकात हळद ठासू नका. वरून बूच बसतं आणि घाण आत कोंडते. वरवरच्या ओरखड्याला लावली तर माझी हरकत नाही.

जखमेजवळची कातडी फुग्यासारखी फुगली आणि दाबल्यावर चुरमुरे दाबल्यासारखं जाणवलं, तर ती हवा असते. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. त्यातली एखादी फुटली की हवा कातडीखाली शिरते. थोडी असेल तर आपोआप जिरते. वाढत असेल किंवा कोंबडी चोच उघडून श्वास घेत असेल, तर सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. मोडलेला पंख, पोटापर्यंत गेलेली जखम, यांचंही घरी काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी काकू घाबरून आल्या. "मांस सडलं जी, हिरवं पडलं." आपल्याला मुका मार लागला की जागा आधी निळी-काळी आणि मग पिवळी होते. साकळलेल्या रक्ताचं आधी हिरवं रंगद्रव्य होतं आणि एक विकर (एन्झाइम) त्याचं लगेच पिवळं करतं. कोंबडीत हे विकर काम करत नाही. तिचा रंग हिरव्यावरच थांबतो. मुक्या माराची जागा दोन-तीन दिवसांनी हिरवी दिसणं हे जखम भरत असल्याचं लक्षण आहे. सडलेलं मांस वासाने कळतं. ते गार पडतं, काळपट होतं. इथे वास नव्हता, कातडी गरम होती. केवळ या हिरव्या रंगाला भिऊन किती कोंबड्यांच्या माना मुरगळल्या गेल्या असतील, या विचाराने मला वाईट वाटतं. हे शाळेत शिकवायला हवं.

पूही निराळा. आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारं रसायन असतं, कोंबडीच्या पेशींमध्ये ते नसतं. म्हणून तिचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट गोळा होतो. जखमेखाली कडक गाठ लागली तर दाबून काही निघणार नाही. ती डॉक्टरांनीच काढायची.

पावसाळ्यात या सगळ्यापेक्षा माशीची भीती मोठी. जखमेवर घातलेल्या अंड्यांतून एका दिवसातही अळ्या निघतात. सकाळ-संध्याकाळ बघणं आलं, आणि पक्षी जाळीच्या आत ठेवणं आलं.

चोचीत पाणी ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच उघडं असतं, पाणी सरळ तिकडे जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती जनावरं मेल्यावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन त्यांचे थवे संपले आणि २००६ मध्ये आपल्याकडे ते जनावरांसाठी बंद करावं लागलं. औषध आणि त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. प्रतिजैविक चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही त्यांनाच विचारा.

स्वतःचे हातही सांभाळा. पक्ष्यांना रेबीज होणं अतिशय विरळ, पण भटका कुत्रा चावलेल्या केरळमधल्या एका कोंबडीत तो सापडल्याची नोंद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पिसांवर कुत्र्याची ताजी लाळ असते. हातमोजे घाला. हाताला चीर असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. मेलेली कोंबडी शिजवू नका, खोल पुरा.

बाकीच्या कोंबड्यांत तिला लगेच सोडायचं नाही. लाल दिसलं की त्या टोचतात, कधी जीव जाईपर्यंत. पण पूर्ण नजरेआडही करू नये. कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते, नॉर्वेच्या थॉरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती मांडली. बरेच दिवस गायब झालेली कोंबडी परत आली की त्यांच्या लेखी ती परकी असते. आम्ही जाळीचा पिंजरा अंगणातच ठेवला.

तीन आठवडे तिने अंडं दिलं नाही. मग एक दिलं, त्यावर चुन्यासारखा पांढरा थर. घाबरलेली कोंबडी तयार अंडं वेळेवर टाकत नाही, ते आत जास्त वेळ राहतं आणि कवचावर कॅल्शियमचं आणखी एक पूट चढतं. पुढची अंडी नेहमीसारखी आली.

पाठीवरची मुळासकट उपटलेली पिसं तोवर फुटू लागली होती, निळसर टोकदार कोंबांसारखी. शेपटीची दोन पिसं मात्र मधून तुटलेली आहेत, मुळं जागेवरच आहेत. तिथे नवं पीस यायला पुढच्या वेळी पिसं झडेपर्यंत थांबावं लागेल. काकू रोज सकाळी दाणे टाकताना तिची शेपटी बघतात.