शैक्षणिक लेखनातील घरची भाषा (ग्रामीण विदर्भ)

निबंध, प्रकल्प अहवाल किंवा प्रबंधात विद्यार्थ्याच्या घरच्या भाषेला ज्ञानाची भाषा म्हणून जागा देणे आणि केवळ तिच्यासाठी त्याचे गुण न कापणे, या भूमिकेला भाषिक न्याय म्हणतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या परिषदेने विद्यार्थ्यांच्या स्वभाषेच्या हक्काचा ठराव १९७४ मध्ये केला. भारतात २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत, शक्य तिथे, घरच्या भाषेत शिकवावे असे म्हणते.

पश्चिम विदर्भात वऱ्हाडी आणि पूर्वेकडे झाडीबोली या मराठीच्या बोली आहेत. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, तर यवतमाळकडची कोलामी आणि गडचिरोलीतली माडिया द्राविडी कुळातल्या आहेत. या तिन्हींना मराठीच्या बोली म्हणणे चूक आहे. त्या बोलणाऱ्या मुलांसाठी प्रमाण मराठी हीच शिकावी लागणारी दुसरी भाषा असते.

शेतीच्या प्रकल्पात बोलीचा शब्द काढला की माहितीच गळते. ‘आंतरमशागत’ (उभ्या पिकातली मशागत) लिहिले तर ते निंदण होते की डवरणी, हे कळत नाही. निंदण म्हणजे तण काढणे, ते हाताने होते, बहुतेक बायांच्या रोजंदारीवर. डवरणीला डवरा हे अवजार आणि बैलजोडी लागते. दोन्हींचा खर्च वेगळा, मजूर वेगळे. म्हणून असा शब्द मुख्य मजकुरातच ठेवावा, पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ द्यावा आणि पुढे अवतरणचिन्हाशिवाय वापरावा. प्रत्येक वेळी चिन्ह लावले की शब्द उपरा दिसतो.

मुलाखत बोलल्याप्रमाणे उतरवावी. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला साधारण ४ ते ६ तास लागतात, बोली अनोळखी असल्यास जास्त. ‘मले’ (मला), ‘डोया’ (डोळा), ‘पानी’ यांचे लेखन सुरुवातीलाच ठरवून त्याची यादी जवळ ठेवावी. सर्वांत जास्त बिघाड टंकलेखनात होतो. ‘मले’चे ‘मला’ आपोआप होते, अर्धी मुलाखत प्रमाण आणि अर्धी बोलीत उरते, आणि मग कोणतेच रूप पुरावा म्हणून वापरता येत नाही. दोन-तीन ओळींचे अवतरण ओघात चालते, मोठे वेगळ्या परिच्छेदात द्यावे, खाली प्रमाण मराठीत अर्थ लिहावा. ‘तो वावरात जाऊन राहिला’ याचा अर्थ तो शेतात जात आहे. बाहेरचा वाचक तो तिथे मुक्कामाला गेला असे समजतो. कोरकू किंवा माडिया अवतरणासोबत मराठी अर्थ द्यावाच, आणि भाषांतर कोणी केले तेही सांगावे.

तपासताना मुद्दा, पुरावा आणि मांडणी यांचे गुण भाषेच्या गुणांपासून वेगळे ठेवावेत. ‘मले’ हे वऱ्हाडीच्या नियमाने आलेले रूप आहे, ती चूक नव्हे. त्याच उताऱ्यात एकदा ‘मले’ आणि एकदा ‘मला’ विनाकारण आले, तर सुसंगतीबद्दल शेरा द्यायला हरकत नाही. प्रमाण मराठी शिकवूच नये असा याचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षा आणि सरकारी अर्ज मराठीत लिहायचे तर तिच्यातच लिहावे लागतात, म्हणून ती नीट शिकवलीच पाहिजे. पण संपूर्ण अहवाल वऱ्हाडीत लिहायचा असेल, तर मार्गदर्शक आणि विभागाची लेखी मान्यता काम सुरू करण्याआधी घ्यावी. बाहेरच्या परीक्षकाला ती बोली येत नसेल, तर त्याचा फटका तोंडी परीक्षेत विद्यार्थ्यालाच बसतो. म्हणून वऱ्हाडी जाणणारा परीक्षक अहवालासाठी नाव नोंदवतानाच मागावा.