ड्रिफ्ट कारसाठी वेगळे इंजिन बसवायचे असल्यास : सोलापूरकरांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

मागची चाके मुद्दाम घसरवत, पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला धरून गाडी आडवी आणि तरीही पूर्ण ताब्यात चालवणे म्हणजे ड्रिफ्टिंग. हा प्रकार जपानच्या घाटरस्त्यांवर वाढला आणि पुढे स्पर्धेच्या मैदानात आला. त्यासाठी मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी लागते, आणि त्या चाकांची पकड हवी तेव्हा सोडवता येईल एवढे जोर असलेले इंजिन लागते. म्हणूनच या क्षेत्रात एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचे इंजिन बसवण्याची रीत रुळली. रायन टर्क या अमेरिकी चालकाच्या टोयोटा जीटी८६ मध्ये फेरारी ४५८ इटालियाचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवलेले आहे, तर न्यूझीलंडचे माइक व्हिडेट माझदाच्या रोटरी इंजिनांसाठी ओळखले जातात. अशी गाडी सोलापुरात बांधायचे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी इंजिन विकत घेण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर ठरवले पाहिजे: ही गाडी रस्त्यावर चालणार आहे की केवळ बंदिस्त ट्रॅकवर? अर्ज, कागदपत्रे आणि कार्यालये यांचा पुढचा सगळा क्रम या उत्तरावर अवलंबून आहे, आणि इंजिन बसवून झाल्यावर हा प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा पैसे परत मिळत नाहीत.

कायदा नेमके काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केरळमधून आलेल्या एका प्रकरणात, या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. इंजिन क्रमांक, घनक्षमता (सीसी) आणि इंधनाचा प्रकार या तिन्ही नोंदी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, असतात, त्यामुळे दुसऱ्या मेकचे (कंपनीचे) किंवा दुसऱ्या क्षमतेचे इंजिन बसवले की ही तफावत आपोआप निर्माण होते. २०१९ मध्ये सुधारलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंड गाडीमागे नसून बदलामागे आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

यावर हमखास येणारी शंका अशी, की हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाची बॉडी व्हॉक्सहॉलची आणि इंजिन इसुझूचे होते, प्रीमियर ११८ एनईची बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली आणि इंजिन निसानचे होते, मग आम्हालाच मनाई का? शंका रास्त आहे. फरक असा, की उत्पादक आपल्या गाडीचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली चाचणी संस्थेकडे देतो, तेथे ब्रेक, धूर आणि अन्य सुरक्षा निकष तपासले जातात आणि त्यानंतर तो नमुना मंजूर होतो. महाराष्ट्रात अशी चाचणी करणाऱ्या संस्था पुण्यातील एआरएआय आणि सीआयआरटी, तसेच अहिल्यानगरमधील व्हीआरडीई या आहेत. ही व्यवस्था एकाच प्रकारची अनेक वाहने विकणाऱ्या उत्पादकासाठी आखलेली आहे. एका गाडीच्या मालकाला तिचा खर्च आणि तांत्रिक कागदपत्रे पेलणे जवळपास अशक्य असते. विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला कलम ५२ मध्येच आहे, परंतु ती सूट आपल्या छंदाच्या गाडीला मिळेल असे गृहीत धरून कोणी इंजिनाचा सौदा करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

गाडी रस्त्यावर ठेवायची असल्यास

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी दोनच वाटा मोकळ्या राहतात. पहिली वाट त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवण्याची. यातून ड्रिफ्टसाठी हवी ती जादा ताकद मिळत नाही, पण सरावाची गाडी म्हणून जुनी मागच्या चाकांची गाडी नीट उभी करायची असेल तर ही वाट पुरेशी आणि निर्वेध आहे. दुसरी वाट ऊर्जास्रोत बदलण्याची, म्हणजे मंजूर संचाद्वारे (किटद्वारे) वाहन सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर नेण्याची. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने ३.५ टनांपेक्षा कमी वजनाच्या बीएस-६ वाहनांमध्ये डिझेल इंजिनाच्या जागी सीएनजी किंवा एलपीजी इंजिन बसवण्यासही मंजुरीच्या अटीवर वाट दिली. ‘वेगळे इंजिन’ या शब्दांचा अर्थ थोडा सैल केला, तर पेट्रोल इंजिन उतरवून मंजूर विद्युत संच बसवणे हाच आज कायद्याने मान्य असलेला सर्वांत धाडसी बदल ठरतो. विद्युत मोटार पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे मागची चाके सोडवण्याच्या दृष्टीने ती कमी पडत नाही. मात्र संच एआयएस-१२३ या मानकानुसार चाचणी संस्थेने मंजूर केलेला असावा, तो आपल्या गाडीच्या प्रकारासाठीच मंजूर असावा आणि संच-उत्पादकाने अधिकृत केलेल्या केंद्रानेच तो बसवलेला असावा. सुटी मोटार आणि सुटी बॅटरी आणून गॅरेजमध्ये जुळवलेला संच, कारागिरी कितीही उत्तम असली तरी, आरसीवर चढत नाही.

पात्रतेची सुरुवात गाडी आपल्या नावावर असण्यापासून होते. अर्ज आपण राहतो त्या भागाच्या नोंदणी प्राधिकरणाकडे जातो: सोलापूर शहर आणि परिसरासाठी विजापूर रस्त्यावरील एमएच-१३ चे आरटीओ कार्यालय, तर अकलूज भागासाठी एमएच-४५ चे कार्यालय. सीमेवरचा जिल्हा असल्याने आपल्याकडे जुन्या गाड्या बऱ्याचदा कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबादकडून येतात, आणि खरी अडचण तेथूनच सुरू होते. उदाहरणार्थ, जुळे सोलापुरातील एखाद्याने कलबुर्गीची कॉन्टेसा घेतली असे धरू. त्याला आधी तेथील कार्यालयाचे नमुना (फॉर्म) २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागेल, हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० भरावे लागतील आणि महाराष्ट्राचा क्रमांक घेण्यासाठी नमुना २७ द्यावा लागेल. राज्याचा कर भरावा लागेल आणि गाडीवर जुने कर्ज नोंदलेले असेल तर नमुना ३५ ने तो बोजा उतरवावा लागेल. कॉन्टेसाचे उत्पादन २००२ मध्ये थांबले, म्हणजे प्रत्येक कॉन्टेसाची पंधरा वर्षांची पहिली नोंदणी संपलेली आहे. त्यामुळे नमुना २५ वर नूतनीकरणाचा अर्ज, प्रत्यक्ष तपासणी आणि पर्यावरण कर हे टप्पेही येतात. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ च्या सुधारणेनंतर १०,००० रुपये आहे. हे सारे पूर्ण झाल्याशिवाय इंजिनबदलाचा अर्ज पुढे सरकत नाही. विक्रेता ‘कागद नंतर देतो’ म्हणत असेल, तर ती गाडी सोडून द्यावी.

इंजिनबदलाच्या अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि नव्या इंजिनाचे जीएसटी क्रमांक असलेले बिल लागते. गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती लागते. इंजिन वापरलेले असेल तर ते कोणत्या गाडीतून निघाले, ती गाडी कोणाची होती आणि चोरीची नव्हती ना, हे सिद्ध करणारी कागदपत्रे लागतात. केवळ भंगारवाल्याची पावती पुरत नाही. परदेशातून आलेल्या वापरलेल्या इंजिनाबाबत बिल ऑफ एंट्री (सीमाशुल्क विभागाकडील आयातीचा दस्तऐवज) आणि आयातीची परवानगी पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. विद्युत संचासाठी याशिवाय संचाचे मंजुरी प्रमाणपत्र आणि तो बसवणाऱ्या केंद्राचे प्रमाणपत्र जोडावे.

अर्ज परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर भरून शुल्क तेथेच भरता येते. प्रलंबित ई-चलन आधी भरून टाकावे, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्च सुरक्षा पाटी (एचएसआरपी नंबर प्लेट) नसेल तर ती बसवून घ्यावी, नाहीतर काम अडकते. त्यानंतर गाडी मोटार वाहन निरीक्षकांसमोर न्यावी लागते. ते चेसिस आणि इंजिन क्रमांकाची पेन्सिल छाप घेतात आणि बिलावरील क्रमांकाशी ताडून पाहतात. क्रमांकाच्या जागी घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर अर्ज तेथेच थांबतो, म्हणून इंजिन घेतानाच तो भाग रॉकेलच्या फडक्याने पुसून उजेडात पाहावा. परवानगी आधी घेणेच श्रेयस्कर असले, तरी बदल आधी झालेला असल्यास तो चौदा दिवसांच्या आत आरसीसह कळवण्याचे बंधन कायद्यात आहे. ही चौदा दिवसांची तरतूद नोंदीसाठी आहे. निषिद्ध इंजिन तिच्यामुळे वैध होत नाही. अनेकांचा गैरसमज नेमका येथेच होतो.

पन्नास वर्षांहून जुन्या फियाटवर नजर असलेल्यांसाठी एक सूचना. २०२१ मध्ये आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमांत चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. इंजिन बदलले की ती पात्रता जाते, आणि माझ्या मते मूळ इंजिनासह टिकलेली गाडी त्यासाठी कापूही नये.

गाडी फक्त ट्रॅकसाठी बांधायची असल्यास

दुसऱ्या कंपनीचे इंजिन, बदललेला क्रॉस मेंबर (इंजिनाला आधार देणारी आडवी पट्टी), नव्या लांबीचा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आणि दोन्ही मागची चाके एकाच वेगाने फिरावीत म्हणून वेल्डिंगने बंद केलेले डिफरेंशियल अशी खरीखुरी ड्रिफ्ट कार हवी असेल, तर तिला रस्त्याच्या नोंदणीतून बाहेर काढणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. अधिनियमातील ‘मोटार वाहन’ या संज्ञेतून केवळ बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष प्रकारचे वाहन वगळलेले आहे, आणि ट्रॅकच्या गाडीला आधार आहे तो याच तरतुदीचा. पण आरसी जिवंत ठेवून त्याच गाडीत वेगळे इंजिन बसवले, तर ती गाडी घराच्या आवारातून बाहेर पडली नाही तरी नोंदीशी तफावत राहते. म्हणून कलम ५५ खाली नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करावा. वाहन वापरण्यास कायमचे अयोग्य झाल्यापासून चौदा दिवसांत तो करायचा असतो. सोबत मूळ आरसी, कर व चलनाची थकबाकी नसल्याचा पुरावा, वित्तसंस्थेची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र द्यावे. मूळ इंजिन व गिअरबॉक्स उतरवल्यानंतर, पण नवे इंजिन बसवण्यापूर्वी हा अर्ज करावा आणि चेसिस क्रमांकाचा भाग जमा करावा लागेल का, हे कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे. नोंदणीकृत भंगार केंद्रात मात्र गाडी देऊ नये, कारण तेथे तिचे सुटे भाग करणे बंधनकारक असते आणि आपल्याला हवी असलेली बॉडीच नष्ट होते. एकदा रद्द झालेली नोंदणी पुन्हा मिळवून गाडी रस्त्यावर आणता येईल, या आशेवर हा निर्णय घेऊ नये.

बांधणीत सर्वांत जास्त पैसा इंजिनावर नव्हे, तर गाडी उलटल्यास चालकाला वाचवणाऱ्या, त्याच्याभोवतीच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर खर्च व्हावा. जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या नियमावलीत मुख्य रोलबारसाठी, म्हणजे या पिंजऱ्याच्या मुख्य कमानीसाठी, ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ मिलिमीटर जाडीची, किंवा ५० मिलिमीटर व्यासाची २ मिलिमीटर जाडीची, सांधा नसलेली, थंड पद्धतीने ओढलेली कार्बन पोलादाची नळी किमान म्हणून सांगितली आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत नळी वाकवणारे आणि टिग वेल्डिंग करणारे कुशल हात आहेत, आणि ज्या शहरातून कॅमशाफ्ट जगभरच्या मोटारींत जातात तेथे अचूक यंत्रकामाची वानवा नाही. तरीही फर्निचरच्या पाइपातून पिंजरा करून देणारा कोणी भेटला तर नकार द्यावा, कारण गाडी उलटल्यावर ती नळी चालकाच्या अंगावर दुमडते. नळी घेताना तिचे मिल टेस्ट प्रमाणपत्र (पोलादाच्या दर्जाचा कारखान्याचा दाखला) मागून घ्यावे आणि फाइलला लावावे. स्पर्धेचे तपासनीस ते विचारू शकतात.

चालकाची पात्रता वेगळी तपासली जाते. देशातील मोटार क्रीडास्पर्धांचे नियमन एफएमएससीआय ही केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता असलेली राष्ट्रीय संघटना करते, आणि तिच्या परवान्याच्या स्पर्धेत उतरण्यासाठी तिचा स्पर्धक परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. त्यासाठी छायाचित्र, वयाचा व ओळखीचा पुरावा, डॉक्टरांचे वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र आणि शुल्क लागते, तर अठरा वर्षांखालील स्पर्धकासाठी पालकांची संमती लागते. परवाना मिळाला म्हणजे गाडी मंजूर झाली असे नव्हे. प्रत्येक स्पर्धेपूर्वी पिंजरा, आसन, पट्टे, अग्निशामक, बॅटरीचा मुख्य खटका आणि टोचनाचा हूक यांची छाननी होते, आणि हेल्मेटवरील मानकाचा शिक्काही पाहिला जातो.

मोकळा दिसतो म्हणून बाह्यवळण रस्त्यावर किंवा एमआयडीसीतील रुंद रस्त्यावर रात्री सराव करणे हा गुन्हा आहे. सार्वजनिक जागी राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास कलम १८९ नुसार पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या रस्त्यावर पहाटे कामाच्या पाळीवरून सायकलने घरी निघालेला माणूस असतो. खासगी मैदानावर कार्यक्रम घ्यायचा असल्यास जागामालकाची लेखी संमती, एफएमएससीआयचा परवाना, रुग्णवाहिका आणि अग्निशमन व्यवस्था यांसह शहर हद्दीत पोलीस आयुक्तालयाकडे, तर हद्दीबाहेर ग्रामीण पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आधी अर्ज करावा.

नोंदणी रद्द झालेली गाडी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकला टोचन करून न्यायची नाही. तिची चारही चाके ट्रेलरवर किंवा ट्रकवर असली पाहिजेत. सोबत नोंदणी रद्द झाल्याचा आदेश, इंजिनाचे बिल आणि स्पर्धेचा प्रवेशअर्ज यांच्या प्रती ठेवाव्यात, म्हणजे वाटेत राज्याच्या सीमेवर गाडी कोणाची आणि कुठे चालली आहे हे दाखवता येते. नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे चालकाचा वैयक्तिक अपघात विमा स्पर्धेतील अपघातालाही लागू आहे का, हे विमा कंपनीकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे.