‘ब्लॉकबस्टर’ आणि तिकिटाच्या रांगा

जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सअॅप गटांत वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो, की तिकिटाच्या रांगांनी थिएटरबाहेरचा रस्ता ‘ब्लॉक’ होई, म्हणून तो सिनेमा ‘ब्लॉकबस्टर’. अहिराणी गाण्यांच्या पोस्टरवरही हा शब्द आपण रोज वाचतो, त्यामुळे ही व्युत्पत्ती सहज पटते. ती खरी मात्र नाही.

मुळात ‘बस्टर’ म्हणजे अडवणारा नव्हे, फोडणारा. आपल्याकडे ‘ब्लॉक घेतला’ म्हणजे फ्लॅट घेतला. इथे मात्र ‘ब्लॉक’ म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा अख्खा गट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमाने 4000 पौंडांचे, म्हणजे सुमारे 1800 किलोंचे, बॉम्ब टाकू लागली, तेव्हा असा अख्खा गट उद्ध्वस्त करणारा बॉम्ब म्हणून वृत्तपत्रांनी त्याला हे नाव दिले. 1943 पासून अमेरिकी सिनेमांच्या जाहिरातींनी ते उचलले, आणि विध्वंसाचा शब्द यशाचा झाला.

पुढे त्याला इतरही अर्थ चिकटले. वर्षाला 100 कोटी डॉलरांहून अधिक विक्री होणारे औषध ‘ब्लॉकबस्टर’ ठरते. अमेरिकेत कृष्णवर्णीय शेजारी येणार अशी भीती घालून गोऱ्यांची घरे स्वस्तात विकत घेण्याच्या दलालांच्या प्रकाराला ‘ब्लॉकबस्टिंग’ म्हणत. त्यावर 1968 मध्ये कायद्याने बंदी आली. या अर्थाची आठवण मला अधिक महत्त्वाची वाटते.

पडताळणीसाठी शब्दाच्या जुन्या वापराच्या तारखा देणारा मोठा इंग्रजी कोश उघडावा. रांगांची गोष्ट खरी असती, तर सर्वांत जुनी नोंद थिएटरची असती. ती 1940 च्या दशकातील बॉम्बची आहे.